जाता येते म्हणून

माझ्या टेबलावरून वर्षाकाठी काही फायली अशा जातात की ज्यांत एखाद्या वाहनाचे मरण लिहिलेले असते. वाहन किती वर्षांचे झाले, किती चालले, दुरुस्तीला किती खर्च येईल आणि तो करणे शासनाच्या हिताचे आहे की नाही, एवढ्या चार गोष्टी टिपणीत आल्या म्हणजे वरून सही होते आणि ते वाहन निकामी ठरते. १ एप्रिल २०२३ पासून तर, संरक्षण व अंतर्गत सुरक्षेची काही विशेष वाहने वगळता, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणीच पुढे चालू ठेवता येत नाही. त्यामुळे टिपणी आणखी आखूड झाली आहे. हे काम मी बारा वर्षे करीत आहे. निकामी ठरलेल्या वस्तूविषयी मनात लोभ उत्पन्न होणे कारकुनाला शोभत नाही. परंतु चार वर्षांपूर्वी मला तो झाला, आणि लष्करातून निवृत्त झालेली एक जुनी जिप्सी मी विकत घेतली. आमच्या कार्यालयाच्या लिलावातून अर्थातच नव्हे, कारण तसे करणे योग्य झाले नसते. परगावच्या एका लिलावात जिने तिसऱ्याच एका गृहस्थाचे दार गाठले होते, ती मी त्या गृहस्थाकडून घेतली.

आमचे घराणे तीन पिढ्या जबलपुरात आहे. आजोबा सायकलीवर कचेरीत गेले, वडील स्कूटरवर. माझ्या दारात ही हिरवी, ताडपत्रीच्या छताची गाडी येऊन उभी राहिली तेव्हा सौभाग्यवतीने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "अहो, ही घेऊन आपण जाणार तरी कुठे?" मी म्हणालो, "कुठेही जाता येते हिच्यातून." ती म्हणाली, "ते कळलं. पण जाणार कुठे?"

हा प्रश्न त्या वेळी मी हसण्यावारी नेला. आज वाटते की त्यात नीतिशास्त्राचा एक जुना पेच उभा होता. जे करता येते ते करण्याचा अधिकार, केवळ ते करता येते एवढ्यानेच मिळतो काय?

या जातीच्या वाहनांचा जन्म ज्या परिस्थितीत झाला तिच्यात हा प्रश्न विचारायला कोणाला सवड नव्हती. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांना पत्रे पाठविली आणि हलके, चारही चाकांना शक्ती पुरविणारे टेहळणीचे वाहन मागितले. पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत हवा होता. बँटम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याने त्याचे आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबरला तो नमुना मेरीलँडमधील लष्करी तळावर हजर झाला. पुढे मोठी मागणी विलीज आणि फोर्ड या थोरल्या घरांकडे गेली, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. ज्या छोट्या कंपनीने वाट दाखविली तिच्या वाट्याला त्यांतल्या फार थोड्या आल्या. युद्धात कोणी शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेतातून जात नाही. रणगाड्यापुढे बांध नसतो, कुंपण नसते, पीक नसते. फक्त अंतर असते. ही दृष्टी त्या यंत्राच्या हाडामासात भिनलेली आहे.

युद्ध संपले आणि या यंत्राला दुसरा जन्म मिळाला. विलीज कंपनीने १९४५ साली नागरिकांसाठी जीप काढली ती मुख्यतः शेतकऱ्याला उद्देशून: नांगर ओढा, यंत्रे चालवा, बाजाराला जा. इंग्लंडात रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसी बेटावरील शेतीवर एक जुनी लष्करी जीप वापरीत असत. तिच्यावरूनच लँड रोव्हरची कल्पना निघाली आणि १९४८ च्या वसंतात ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. युद्धोत्तर टंचाईत पोलाद मिळेना म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या जीप जुळविण्यास आरंभ केला. एका पिढीच्या मनात जीप म्हणजे कलेक्टरसाहेब, धरणाचे इंजिनियर, निवडणुकीच्या मतपेट्या, देवीची लस टोचणारे पथक. ज्या गावाला रस्ता नव्हता त्या गावाला सरकार आहे हे प्रथम कळले ते जीपच्या आवाजाने. शस्त्राचे औत झाले, असे म्हणायला हरकत नाही.

आता तिसरा जन्म चालू आहे, आणि माझ्यासारखे लोक त्याचे मानकरी आहेत. जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले; परंतु तिच्या वंशातल्या नव्या गाड्या आज शहरातल्या रस्त्यांवर पूर्वीपेक्षा अधिक दिसतात. त्यांतल्या बहुतेकांना चिखल माहीत नाही. त्यांच्या मालकांना नांगरायचे नाही, लस टोचायची नाही, लढायचे तर नाहीच. मग आम्ही विकत घेतो ते काय?

मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते की रथ म्हणजे नेमके काय: आस की चाके, जू की दांडी? माझ्या गाडीला हा प्रश्न शब्दशः लागू पडतो. चार वर्षांत तिचे पाटे बदलले, ब्रेक बदलले, रेडिएटर बदलला, ताडपत्री दोनदा बदलली. पेट्रोल ती लिटरला नऊ-दहा किलोमीटरच्या हिशेबाने पिते. पाट्यांच्या स्प्रिंगांमुळे साध्या खड्ड्याची वार्ताही थेट पाठीच्या मणक्यांना पोचते, आणि पावसात आत बसलेल्या माणसाच्या डाव्या गुडघ्यावर नेमाने एक थेंब पडत राहतो. सुखासाठी कोणी ही गाडी घेत नाही. मी घेतली ती शक्यता. डोंगरात कुठे तरी एक वाट आहे आणि मनात आले तर मी तिकडे जाऊ शकतो, ही जाणीव दहा ते साडेपाच फायलींत मान घालून बसणाऱ्या माणसाला किती उभारी देते, हे ज्याने तसे दिवस काढले आहेत त्यालाच समजेल. ही उभारी खोटी नव्हती. परंतु शक्यतेचा स्वभाव असा की ती फार दिवस नुसती शक्यता म्हणून राहायला तयार नसते.

गेल्या वर्षी आषाढातल्या एका रविवारी दोघा मित्रांना घेऊन मी बरगीच्या बाजूला गेलो होतो. परतताना एका अरुंद मोरीवर एक ट्रक कलंडला होता आणि दोन्ही बाजूंना वाहनांची रांग लागली होती. क्रेन यायला दोन तास लागतील असे कळले. रस्त्याच्या डाव्या अंगाला धानाचे शेत होते, पलीकडे उथळ ओढा, आणि ओढ्यानंतर पुन्हा रस्ता. मित्र म्हणाले, "अरे, तुझ्या गाडीला काय अवघड आहे?"

वाचकांनी येथे एक यांत्रिक तपशील लक्षात घ्यावा, कारण माझा सगळा अपराध त्यात साठवलेला आहे. माझ्या गाडीत पुढच्या चाकांना शक्ती द्यायची तर चालकाने आधी खाली उतरावे लागते, पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांवरील खटके हाताने फिरवावे लागतात आणि मग आत येऊन दुसरा दांडा ओढावा लागतो. म्हणजे मी दोनदा खाली वाकलो. दुसऱ्यांदा वाकलो तेव्हा शेत माझ्या डोळ्यांच्या पातळीवर होते. नुकती लावणी झालेली होती. रोपांच्या ओळी मी पाहिल्या, आणि त्या रोपांच्या ओळी आहेत हे मला कळलेही. घाईत घडले असे म्हणण्याची सोय त्या खटक्यांनी ठेवलेली नाही.

गाडी सुरेख गेली. रांगेतल्या काही लोकांनी टाळ्यासुद्धा वाजविल्या. पलीकडे रस्त्यावर चढलो तेव्हा डोक्याला पंचा गुंडाळलेला एक म्हातारा मोरीजवळ उभा दिसला. मी उतरलो. तो माझ्याकडे न पाहता गाडीकडे पाहत म्हणाला, "गाड़ी तो अच्छी है, बाबूजी." त्या वाक्यात उपरोध नव्हता, आणि तेच मला अवघड गेले. मी पाचशेची नोट पुढे केली. त्याने विचारले, "और रोपा?" रोपवाटिकेतली रोपे संपली होती, लावणीचे दिवस जात होते, नोट चिखलात रोवता येत नाही. त्याने नोट घेतली, कारण त्याला तिची गरज असावी. त्याने ती नाकारली असती तर कदाचित मला त्याच्या रागाचा आधार मिळाला असता.

त्या रात्री मी स्वतःच्या बाजूने पुष्कळ वाद केला. नुकसान किती झाले? दोन चाकोऱ्या. मोबदला दिला की नाही? दिला. परंतु मोबदला ठरविला कोणी? मी. केव्हा? नंतर. ज्याची वस्तू आहे त्याला आधी न विचारता घ्यायची आणि नंतर आपणच किंमत ठरवायची, या व्यवहाराला दुसऱ्या कोणाच्या बाबतीत मी काय नाव दिले असते हे मला ठाऊक होते.

मग असेही मनात आले की दोष या शक्तीचाच असावा. गाडी विकून टाकावी. पण हाही पळपुटेपणा ठरला. त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीत कमरेखाली पाणी साचले असता शेजारच्या काकांना ठरलेल्या दिवशी डायलिसिसला नेणे भाग होते. रिक्षा येईना, रुग्णवाहिका कोपऱ्यापर्यंतच आली. आम्ही काकांना जिप्सीत बसविले आणि हळू गिअरमध्ये, पायी चालल्यासारखे निघालो. तेव्हाही कोणाचे नुकसान झाले नाही असे म्हणता येणार नाही: गाडीने उठलेल्या लाटा दोन-तीन घरांच्या उंबऱ्यांवरून आत गेल्या. पण त्या घरांतली माणसे दारात उभी होती, आणि त्यांनीच हात करून आम्हाला वाट दाखविली.

या दोन प्रसंगांत गाडी तीच, पाणी तेच, चालकही तोच. भेद आहे तो कशात? 'कोणाचेही नुकसान न होणे' ही कसोटी पुरत नाही, हे उंबऱ्यावरच्या पाण्याने दाखविले. 'मोबदला देणे' ही कसोटी पुरत नाही, हे म्हाताऱ्याने दाखविले. मला जी कसोटी सापडली ती माझ्या धंद्यातली आहे. सरकारी कामात नियमाबाहेर जाण्याचा अधिकार पुष्कळांना असतो. परंतु अट अशी असते की कारणे लेखी नमूद करावीत. गल्लीतल्या पाण्याची टिपणी मी कोणापुढेही ठेवू शकलो असतो. शेताची टिपणी प्रामाणिकपणे लिहायची तर एवढीच झाली असती: "घरी जेवायला उशीर होत होता." ती त्या म्हाताऱ्याच्या सहीसाठी मी पुढे केली असती काय? ज्याला आपल्या जाण्याची किंमत द्यावी लागणार आहे त्याच्यासमोर जे कारण उच्चारता येत नाही, त्या कारणासाठी जाऊ नये.

हा नियम माझ्या दोन चाकोऱ्यांपुरता नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौल-स्पीती जिल्ह्यात सहलीच्या गर्दीत अडकलेल्या एकाने आपली गाडी चंद्रा नदीच्या पात्रात घातली; पोलिसांनी त्याला दंड केला. वृत्त वाचून लोक संतापले, काही हसले. मला हसू आले नाही. त्याच्या आणि माझ्या टिपणीत एका शब्दाचाही फरक नसता. नदीला सही करता येत नाही, म्हणून तर तिच्या वतीने आपणच अधिक कठोरपणे विचारायला हवे.

कठोपनिषदात देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे, आणि विषयांना त्या घोड्यांच्या वाटा. या रूपकात घोडे दुबळे असावेत असे कोठेही सुचविलेले नाही; अडचण होते ती लगाम सैल सुटल्यावर. माझ्या गाडीच्या यंत्रातही ही गोष्ट कोणी तरी घालून ठेवली आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांना शक्ती देऊन वळू लागले तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, दांडा त्यांना एकत्र जखडून ठेवतो, आणि गाडी स्वतःशीच झगडू लागते. टायर घासतात, दाते ताणले जातात. ही शक्ती घसरत्या जमिनीसाठी आहे. गरज नसताना ती लावली तर प्रथम लावणाऱ्याचेच यंत्र झिजते.

दिवाळीनंतर मी त्या शेताकडे गेलो होतो. धान कापून झाले होते. म्हातारा भेटला; त्याने मला ओळखले नाही, गाडीला ओळखले. मी कारण सांगितले, जे आषाढात सांगायला हवे होते: जेवायला उशीर होत होता. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पूछ लेते. मेड़ से निकाल देता." बांधाच्या कडेने पलीकडच्या बाजूला वाट होती. मला ती दिसली नव्हती, कारण मी ती शोधलीच नव्हती.

गाडी अजून माझ्याजवळ आहे. सौभाग्यवतीच्या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही पुरे उत्तर नाही. मात्र पुढच्या चाकाशी वाकलो म्हणजे खटका फिरविण्याआधी मी मान वर करून आसपास कोणी माणूस दिसतो का ते पाहतो.