खेळात हरलेला देव



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय १८.

हा अध्याय सुरूच होतो उन्हाळ्याने. ग्रीष्म हा जिवांना फारसा न आवडणारा ऋतू, असं शुकदेव सांगतात. नांदेड-लातूरकरांना हे सांगायला शुकदेव कशाला हवेत! पारा ४२ च्या वर, दुपारी रस्ते ओस आणि घरात सुट्टी लागलेली पोरं. वृंदावनात मात्र झऱ्यांच्या तुषारांनी उन्हाळ्याचा वसंत झाला होता. आपल्याकडे कुठले झरे? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. तुमच्यापैकी काहींची ती सुट्टी घागरी घेऊन रांगेत गेली असेल.

तरी पुढचं वाचा. गोपाळ काय काय खेळतात याची यादीच आहे. गोल गोल फिरणं, उड्या, ओढाओढी, कुस्ती, डोळे बांधून शिवाशिवी, बेडकासारख्या उड्या, पशुपक्ष्यांच्या नकला, झोके, राजा-राजा. फेकायला बेलफळं आणि मूठभर आवळे. यात विकत आणलेलं काहीच नाही. आणि एक गंमत, दुसरे नाचतात तेव्हा राम-कृष्ण स्वतः गातात, वाजवतात आणि ‘वा, वा’ म्हणतात. पोरांना रमवायचं म्हणजे त्यांना शिबिरात नेऊन सोडायचं, असं आपण धरून चाललोय. इथे तर देव स्वतः टाळ्या वाजवतोय.

(कृष्णाला मामाच्या गावाला जायची सोय नव्हती, हेही खरं. मामा कोण, ते आपल्याला माहीत आहे.)

माझे भाचे मात्र लातूरहून अहमदपूर-लोहामार्गे एसटीने माझ्याकडे नांदेडला आलेत. दुसऱ्याच दिवशी, “मामा, बोर व्हायलंय.” ताईची काळजी वेगळीच. भाची सातवीत जाणार, आणि लातूरात एवढ्या लहान पोरांसाठीही फाउंडेशनच्या बॅचेस. “दोन महिने वाया जायलेत रे,” ती फोनवर म्हणाली. मला हे पटत नाही, तसं मी तिला सांगितलंही. लातूर पॅटर्नने कितीतरी गरीब घरांतली पोरं डॉक्टर झाली, त्याचा आदर आहेच. पण अकरा-बारा वर्षांच्या पोरीचा उन्हाळा त्यात घालायचा?

शिवाय भागवतातले गोपाळ रिकामे नव्हतेच. ते गाई राखत होते, आणि राखता राखता खेळत होते. आमच्याकडे सध्या गच्चीवर कुरडया वाळताहेत. सकाळी चीक खायचा आणि सावलीत बसून कावळे हाकलायचे, हे भाच्याचं काम. पक्ष्यांसाठी मातीच्या भांड्यात पाणी भरायचं भाचीकडे. दुपारी बारा ते चार बाहेर पाय टाकायचा नाही. तेव्हा चिंचोक्यांवर अष्टचंगा, सागरगोटे, पत्ते. एका सकाळी दोघांना सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये सेवेला नेलं. पोळ्या लाटताना भाचीने केलेला नकाशा पाहून शेजारच्या आजी पोटभर हसल्या. संध्याकाळी गोदावरीचा घाट, पण हात धरून. सुट्टीत नदीत-विहिरीत पोरं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तेवढं कृपा करून लक्षात ठेवा.

आता अध्यायाचा गाभा. दोन गट पडतात, एक रामाचा, एक कृष्णाचा. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना पाठीवर घेऊन भांडीरक वडापर्यंत न्यायचं. कृष्णाचा गट हरतो. आणि कृष्ण श्रीदाम्याला पाठीवर घेतो. शुकदेव त्याला भगवान म्हणतात आणि त्याच दमात हरलेलाही म्हणतात. मी या जागी नेहमी थांबतो. काल अष्टचंगात मी हरलो तेव्हा भाचा संशयाने म्हणाला, “मामा, तुम्ही मुद्दाम हरायलात.” पोरांना कळतं हो! श्रीदाम्याला असा संशय आला नाही, कारण कृष्ण खेळताना खेळतच होता. एका हातात मोबाइल धरून सोंगटी सरकवत नव्हता.

मोबाइलवरून आठवलं. त्याच खेळात प्रलंबासुर गोपाळाचं रूप घेऊन शिरतो. तोही हरतो आणि बलरामाला पाठीवर घेतो. पण जिथे उतरवायचं ठरलंय, ती जागा ओलांडून पुढे पळत सुटतो. मला यात तो पाच इंची पडदा दिसतो. हा अर्थ माझा, टीकाकारांचा नाही. सवंगडी म्हणूनच येतो, पाठीवर घेतो, फक्त ठरल्या जागी उतरवत नाही. कृष्णाने त्याला ओळखलं होतं, तरी खेळात घेतलं. म्हणून मीही घरात बंदी घातलेली नाही. जेवणानंतर अर्धा तास, आणि उतरायची जागा आधी ठरलेली. पहिल्या दिवशी रडारड झाली. बलराम जड झाला तेव्हा प्रलंबाला पळवेना. आमची भाची परवा स्वतःहून फोन ठेवून पत्ते पिसायला बसली.

उद्या अध्याय १९. गोपाळ खेळात इतके रंगतात की गाई चरत चरत मुंजारण्यात निघून जातात, आणि मग वणवा लागतो. घरात लहान पोरं असतील तर त्यांना जवळ बसवूनच वाचा.

रामकृष्ण हरी.