अश्वगंधा, खाजकुहिली आणि रातपाळी

अश्वगंधा घ्यावी की खाजकुहिली? सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत ऑपरेटर असलेल्या मित्राने हे मला विचारलं, कारण मी सॉफ्टवेअरवाला. दोन पर्याय ताडून पाहणं माझं रोजचं काम. त्याची तक्रार साधी होती : कशात मन लागत नाही आणि बायकोजवळ जावंसं वाटत नाही.

तुलना करता येते. अश्वगंधेने ताण थोडा कमी होतो, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. मात्र तिने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत; डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं. मेंदू त्यापासून डोपामिन बनवतो, म्हणूनच ते पार्किन्सनच्या रुग्णांना देतात. एवढं जोरकस द्रव्य केवळ झाडावर उगवलं म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

पण आमच्या धंद्यात दोन गोष्टी ताडताना बाकी सगळं स्थिर धरतात. इथे स्थिर धरलेलं काय आहे? दर आठवड्याला बदलणारी पाळी. शिकागोच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे जे आपण स्थिर धरलं, कारण तिथेच असू शकतं.

यावर मित्राचं उत्तर चोख होतं : "पाळी माझ्या हातात नाही, डबी आहे." दिवसा एसीत बसणाऱ्याने रातपाळीवाल्याला 'नीट झोप' सांगणं सोपंच. मग निदान डबी तरी त्याला सुखाने घेऊ द्यावी का?

घेऊ द्यावी, शरीर त्याचं आहे. त्याआधी डॉक्टरकडून साखर, थायरॉइड आणि उदासी तपासून घ्यावी, एवढंच. माझा आक्षेप वेगळा आहे. पाळीपत्रकातला दोष डबी गुपचूप माणसाच्या अंगात नेऊन ठेवते. थकलेला माणूस मग स्वतःला 'कमी' समजू लागतो. हे तो बायकोशी बोलत नाही, आणि तिला वाटतं, आपणच नकोशा झालो. थकवा दोघांनी मिळून ओळखता येतो. कमीपणा मात्र एकट्याने लपवला जातो.

म्हणून मी त्याला दोन्ही रकाने प्रामाणिकपणे भरून दिले आणि शेजारी तिसरा आखला : झोपेचे तास. तो भरायला बायकोला सोबत घे, म्हणालो. निवड त्याची आहे. पण कुठल्याही तुलनेत जो रकाना आखलाच जात नाही, त्याचा हिशेब कोणाकडेच मागता येत नाही.