ताळा जमला, तरी

रविवारी भाची जेवायला आली, पण तिचं लक्ष पानात नव्हतं. भात कालवून तशीच बसली आणि म्हणाली, "मामा, दोन वेगळ्या रनच्या फाइली शेवटच्या आकड्यापर्यंत सारख्या निघाल्या, तर काय समजायचं?"

"एक दुसरीची कॉपी असेल."

"कॉपी नाही. मीच लावल्या होत्या, वेगवेगळ्या प्रोसेसरवर."

हात धुतल्याबरोबर तिनं लॅपटॉप उघडला. डिफ कमांड लिहिली, पुढे दोन फाइलींची नावं, आणि एंटर. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, कर्सर मुकाट्यानं खालच्या ओळीवर आला. फरक शून्य. मी पस्तीस वर्षं कॉम्प्युटर सेंटरमध्ये काढली. डिफ गप्प राहिलं की आम्हाला हायसं वाटायचं. इथे त्या रिकाम्या ओळीकडे बघून माझ्या पोटात गोळा आला.

तिचा विषय अदिश क्षेत्रांचा. हवामानाच्या नकाशावर वाऱ्याला दिशा असते, तापमानाला नसते, जागोजाग नुसता एक आकडा असतो. क्षेत्र असं असेल तर ते अदिश. ही मुलं आपसात स्केलर फील्डच म्हणतात. जुलै २०१२ मध्ये सर्नने ज्या हिग्ज कणाचा शोध जाहीर केला, तो अशाच क्षेत्राचा. हॉयल आणि नारळीकर यांनी द्रव्यनिर्मितीसाठी मांडलेलं सी-फील्डही अदिशच. असं क्षेत्र स्वतःशीच आंतरक्रिया करू लागलं की कागदावरचं गणित अडतं. मग अवकाशाची जाळी करतात, प्रत्येक गाठीवर एक आकडा ठेवतात आणि ते आकडे यंत्राकडून लाखो वेळा बदलून घेऊन सरासरी काढतात. हिची जाळी तिन्ही बाजूंनी ६४ गाठींची, म्हणजे २,६२,१४४ आकडे. बदल कुठला स्वीकारायचा हे यादृच्छिक संख्या ठरवतात. त्या संख्यांची मालिका सुरू होते एका बीजापासून, त्याला सीड म्हणतात. बीज तेच तर मालिका तीच, आणि पुढचा सगळा इतिहासही तोच.

"सीड कुठून घेतलंस?"

"घड्याळातून. सेकंदात." तिचा आवाज खाली आला. "चौसष्ट रन चार सेकंदांत सुरू झाल्या. प्रत्येक सेकंदाला सोळा."

म्हणजे तिच्याकडे चौसष्ट रन नव्हत्याच. चार होत्या, आणि प्रत्येकीच्या सोळा प्रती.

"पेपर?"

"स्वीकारला गेलाय. प्रुफं यायचीत." मग जरा सावरून म्हणाली, "आता माझी बाजू ऐक. या क्षेत्राचा एक घातांक ०.६३ च्या आसपास असतो, हे जगाला माहीत आहे. पाणी ३७४ अंश सेल्सिअसला जिथे वाफ आणि पाणी हा भेदच गमावतं, तिथेही तोच घातांक. माझ्या रनमधून तोच आला. प्रत्येक रन स्वतःपुरती बरोबर आहे. सरासरी बरोबर आहे. यात खोटं काय आहे?"

"सरासरीच्या पुढे काय लिहिलंयस?"

"त्रुटी. अधिक-उणे."

"ती कितीनं भागून काढलीस?"

"चौसष्टच्या वर्गमुळानं. आठनं." ती थांबली. "भागायला हवं होतं दोननं."

"म्हणजे चौपट खात्री लिहिली आहेस, जी तुझ्याकडे नव्हती."

ती गप्प. मला वाटलं, संपलं. पण तिची खरी अडचण पुढेच होती.

"मामा, मला टोचतंय ते वेगळंच. ०.६३ च्या जागी ०.७ आलं असतं, तर मी पहिल्या आठवड्यात सीड तपासलं असतं. आलं ते हवं तेच, म्हणून आठ महिने फाइल उघडून बघितली नाही. चूक शोधायची की नाही हे उत्तर बघून ठरवलं. हे असंच चालतं सगळीकडे. मग मी एकटीनंच का भोगायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी कागद ओढला आणि शाळेत शिकलेला नवाचा ताळा मांडला. तेवीस गुणिले चौदा. तेविसाचे पाच, चौदाचे पाच, पाच पाचे पंचवीस, त्याचे सात. उत्तर ३२२, त्याचेही सात. ताळा जमला. मग ३२२ खोडून २३२ लिहिलं. त्याचेही सातच.

"गुरुजी म्हणायचे, ताळा चुकला तर गणित नक्की चुकलं, जमला तर नक्की काहीच नाही. तुझं ०.६३ हा ताळा आहे. सरासरी ढळली असती तर त्यानं पकडलं असतं. रन एकमेकींच्या प्रती आहेत का, हे त्याला विचारून उपयोग नव्हता."

"मान्य. पण मग थांबायचं कुठे? १९९२ चा फेरेनबर्ग, लँडाउ आणि वाँग यांचा पेपर आम्हाला पहिल्याच वर्षी देतात. यादृच्छिक संख्यांची जी पद्धत उत्तम म्हणून नावाजलेली होती, तीच त्यांनी द्विमितीय आयसिंग प्रारूपावर वापरली. त्या प्रारूपाचं नेमकं उत्तर ऑनसागरच्या १९४४ च्या कामापासून उपलब्ध आहे. तरी उत्तर चुकलं, त्रुटीच्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर. साध्या, जुन्या पद्धतीनं त्याहून बरं उत्तर दिलं. उत्तर माहीत होतं म्हणून कळलं. माहीत नसतं तर? आणि १९९४ चं पेंटियम चिपचं प्रकरण! नाइसली नावाचा गणिती जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होता, तेव्हा काही भागाकार चिपलाच जमत नाहीत असं निघालं. म्हणजे कोडवर शंका, कंपायलरवर शंका, चिपवर शंका. शंकेला तळ नाही, आणि माझी फेलोशिप मार्चला संपते."

हा तिचा मुद्दा खरा आहे. प्रमेय सिद्ध करणाऱ्याला निदान प्रत्येक पायरी वाचता येते. तिच्या गणनेत पायऱ्या इतक्या, की त्या वाचायला माणसाचा जन्म पुरायचा नाही. तिथे विश्वास ठेवावाच लागतो.

"थांबावं लागतंच," मी म्हटलं, "पण कुठे थांबायचं ते उत्तर दिसण्याआधी ठरवलेलं असावं. शिकागोजवळ फर्मीलॅबमध्ये म्युऑन या कणाचं चुंबकत्व मोजलं, ते वाचलंयस ना? घड्याळाची नेमकी वारंवारता प्रयोगातल्या कुणालाच सांगितली नव्हती. बाहेरच्या दोघांनी ती लिहून पाकिटं बंद केली. चुका काढून संपल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, पाकीट फोडलं. अपेक्षित उत्तराकडे सरकायला जागाच ठेवली नाही."

"त्यांच्याकडे माणसं आहेत, वेळ आहे. माझ्याकडे क्लस्टरवरचे उरलेले तास आहेत." मग ती हळूच म्हणाली, "मी एक ठरवून आले होते. नवी बीजं देऊन चौसष्ट रन परत लावायच्या. जुनाच आकडा आला तर प्रुफं येतील तेव्हा काही न बोलता राहू द्यायचं. जगाचं काय बिघडलं?"

"०.६३ चं काही बिघडणार नाही. पण पेपर त्याच्यासाठी नाही ना?"

"नाही. त्याच क्षेत्राची दुसरी एक राशी आहे, फार कुणी मोजलेली नाही. तीच नवी."

"उद्या कुणी सगळ्यांचे आकडे एकत्र करून सरासरी काढेल. वजन कसं देतात?"

"त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्तात." बोलता बोलता तिचं बोट टेबलावर थांबलं. "चौथ्या हिश्शाची त्रुटी. म्हणजे सोळा पट वजन."

"सोळा माणसांचं मत तू एकटी देणार. ज्या पोरीनं प्रामाणिकपणे मोठी त्रुटी छापली असेल, तिचा आकडा तुझ्याखाली दबणार. तुझा बरोबर असला तरी."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही ओढून ताणून काही बोललो नाही. शेवटी तिनं विचारलं, "आधी रन लावू, की संपादकांना कळवू? रन आधी झाल्या तर पत्रात पक्का आकडा देता येईल. सरही म्हणतील, अर्धवट काही कळवू नकोस."

"सर म्हणतील तेही बरोबर आहे. पण नवा आकडा हाती आला की पत्र लिहायचं की नाही हे तो आकडाच ठरवेल. आठ महिन्यांपूर्वी तेच झालं होतं."

तिनं सरांना फोन लावला आणि गॅलरीत गेली. वीस मिनिटं बोलत होती. मधे एकदा तिचा आवाज चढला, मग उतरला. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण लगेच मेल लिहायला बसली. पहिलं वाक्य तिनं मला वाचून दाखवलं: आमच्या चौसष्ट रनपैकी फक्त चार स्वतंत्र आहेत, त्यामुळे पेपरात दिलेल्या सर्व त्रुटी चौपट धराव्यात. त्यात "दुर्दैवानं" असा शब्द होता, तो तिनंच काढला.

मेल पाच वाजून दहा मिनिटांनी गेली. त्यानंतर तिनं बीजांची यादी केली, एक ते चौसष्ट, प्रत्येक रनला आपला क्रमांक. जॉब रांगेत लावला. पुढे एकशे बारा जॉब होते, त्यामुळे उत्तर गुरुवारच्या आत येणार नव्हतं.