तीन उड्या

शेल्फसमोर बसा. जमिनीवर बसलात तर उत्तम, कारण जुने गेम बहुधा सगळ्यात खालच्या खणात असतात. लगेच काही लावू नका. पिवळी पडलेली कॅसेट, तिच्या शेजारी उभ्या लावलेल्या डिस्कच्या डब्या, आणि डबीही नसलेले, मेमरीत नुसत्या नावानं राहणारे नवे गेम. नजर सावकाश फिरू द्या. एखाद्या नावापाशी 'हा अर्धवट राहिलाय' असं मनात येईल. येऊ द्या, आणि पुढे सरका. आज कुठलाही गेम संपवायचा नाही. आज फक्त उडी बघायची.

पहिला काढा 'सुपर मारिओ ब्रदर्स', 1985 चा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात बऱ्याच घरांत तो मूळ यंत्रावर नाही, तर त्याच्या स्वस्त नकलेवर आला. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. नव्या टीव्हीवर खेळणार असाल, तर सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' आधी चालू करा. बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यांतलं अंतर त्यानं कमी होतं, आणि आज आपल्याला तेवढंच अंतर जाणवून घ्यायचं आहे.

मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा आहे, तोंड उजवीकडे. पुढे जाऊ नका. अंगठा बटणावर ठेवा आणि नुसता टेकवून सोडा. लहान उडी. आता दाबून धरा. तोच मारिओ, तीच जागा, पण तो कितीतरी जास्त उंच जातो. आणखी एकदा दाबा, आणि हवेत असताना दिशा बदला. जमिनीला पाय नसताना तो वळतो. खऱ्या जगात कुणालाच हे जमत नाही, तरी तुमच्या अंगठ्याला यात काहीच खोटं वाटत नाही. त्या न वाटण्यापाशी थोडं थांबा. हा अख्खा गेम 40 केबींचा आहे. जागा इतकी अपुरी होती, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग निराळे. तिथे इतकी काटकसर, आणि उडीला मात्र इतकी नजाकत. बघा, ढग आणि झुडूप दोन्ही आत्ताही तुमच्यासमोर आहेत.

मारिओ खाली ठेवा. हात झटका, बोटं मोकळी करा.

आता 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 1989. अनेकांना हा कॉम्प्युटर क्लासमधल्या कीबोर्डवरून आठवत असेल. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकत कडेपर्यंत जायचं, आणि कडेला लोंबकळायलाही शिफ्टच. जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित केलं आणि त्या फिती समोर ठेवून राजपुत्राची हालचाल एकेक चौकट करत उतरवली. म्हणून या उडीला वजन आहे. बटण दाबल्यावर राजपुत्र आधी अंग आवळतो, मग झेपावतो. एकदा निघाला की निघाला, हवेत मन बदलता येत नाही. दोनतीनदा मारा ही उडी. मारिओत सैलावलेला अंगठा इथे उशिरा पडतोय, हे लक्षात येईल. स्वतःवर चिडू नका. श्वास सोडा आणि त्याच्या पावलांशी जमवून घ्या. घाई केली की खाली सुळे आहेतच.

तिसरा 'सेलेस्ट', 2018. मॅडलीन नावाची मुलगी एक पर्वत चढते आहे, बाहेरच्या वादळापेक्षा आतल्या भीतीशी तिचं जास्त भांडण आहे. तिला कड्याच्या टोकापर्यंत पळवा आणि मुद्दाम किंचित उशिरा उडी मारा. पाय कड्यावरून सुटलेले असतात, तरी उडी लागते. गेम निमिषभर तुमची वाट बघतो. जमिनीवर टेकण्याआधी बटण दाबलंत, तर ते लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी देतो. डोकं कोपऱ्याला निसटतं लागलं, तर हळूच बाजूला सरकवतो. हे सगळं तो न सांगता करतो. कुणीतरी आपल्या हातातली धांदल आधीच ओळखून तिच्यासाठी जागा ठेवली आहे, हे कळलं की मला फार भरून येतं.

जुने गेम अवघड आणि नवे सोपे, असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. सेलेस्टच्या उड्या प्रिन्सपेक्षा कितीतरी कठीण आहेत. प्रिन्स चुकला की त्या टप्प्याच्या सुरुवातीला जातो, आणि त्याचं साठ मिनिटांचं घड्याळ चालूच राहतं. मॅडलीन पडली की क्षणात त्याच पडद्यावर परत उभी असते. चूक झाल्यावर आपल्याला किती मागे नेऊन सोडतात, हा खरा फरक. आणि तो फरक हाताला कळायला दोन्ही गेम एकाच खोलीत हवेत. नुसते नवेच खेळणाऱ्याला सेलेस्टची माया दिसत नाही, ती हक्काची वाटते. नुसत्या जुन्यांत रमणाऱ्याला ती ढिलाई वाटते.

जमलं तर त्यांच्या शेजारी 'राजी' ठेवा. 2020 चा, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी, आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. ती भिंतीवरून धावते तेव्हा वेग बघू नका, मागची वास्तू बघा.

हे सगळं हाताशी आहे, याचंही क्षणभर भान ठेवा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं 2023 मध्ये केलेल्या अभ्यासात, अमेरिकेत 2010 च्या आधी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आता बाजारात विकतच मिळत नाहीत, असं आढळलं. खालच्या खणातली ती कॅसेट पुसून जागेवर ठेवा.

आणि आता दुसरा कंट्रोलर. मारिओ परत लावा, आणि घरात ज्यांनी कधीच काही खेळलेलं नाही, त्यांना हाक मारा. आई असेल, काका असतील. पहिला कंट्रोलर त्यांना द्या, म्हणजे सुरुवात त्यांची. दोघांच्या खेळात एकाचा जीव गेला की दुसऱ्याचा चान्स येतो, त्यामुळे तुम्हाला बसून बघायचंच आहे. नियम सांगू नका. गूंबा नावाचा तपकिरी शत्रू समोरून चालत येईल, ते दचकतील, काहीतरी दाबतील. चुकले तर चुकू द्या. उडी बसली आणि डोकं वरच्या ठोकळ्याला लागलं, तर मशरूम बाहेर येईल, उजवीकडे घरंगळेल, पाइपाला आपटून परत त्यांच्याकडेच येईल. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा तशीच आखली आहे, कुणी काही न शिकवता समजावं म्हणून. तुम्ही हात मांडीवर ठेवा, आणि त्यांचा अंगठा बटणावर पहिल्यांदा किती वेळ थांबतो ते बघा.