मुकादमकी घेण्याआधी

जालना

चि. बाळास,


तुझं मंठ्याहून पाठवलेलं पत्र मिळालं. यंदा दसऱ्याआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटून ऊसतोडीसाठी कोयत्यांची टोळी उभी करायची म्हणतोस. त्याच पत्रात मराठवाड्याच्या विकासाच्या अनुशेषासाठी वेळ पडली तर रक्त सांडू, असंही लिहितोस. या दोन्ही गोष्टींची मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो.

अनुशेष खरा आहे. 1953चा नागपूर करार, 1984चा दांडेकर समितीचा अहवाल, 1994 साली आलेलं आणि एप्रिल 2020मध्ये मुदत संपलेलं विकास मंडळ, या सगळ्याचा जाब तुझ्या पिढीने विचारलाच पाहिजे. पण आमच्या भागावर अन्याय होतो, हे अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यंही म्हणत होती. उत्तरेत कारखाने होते, दक्षिणेत कापूस आणि तो पिकवणारे जवळजवळ चाळीस लाख गुलाम. जकातीवरून दोन्हीकडे भांडणं झाली, तडजोडीने मिटलीही. गुलामीचं भांडण मात्र मिटेना, कारण मळेवाल्यांची दौलत माणसांच्याच रूपात होती. त्या माणसांना तारण ठेवून ते कर्ज काढत. 1850च्या कायद्याने पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी धरून परत देणं भाग पडलं, आणि दूरची गुलामी उत्तरेतल्या साध्या माणसाच्या उंबऱ्यात आली. पुढे गुलामी नव्या मुलखात वाढू देणार नाही म्हणणारा लिंकन निवडून आला. त्याने सूत्रं हाती घेण्याआधीच सात राज्यं फुटली होती. मग 1861 ते 1865 या चार वर्षांच्या यादवी युद्धात सहा लाखांवर सैनिक मेले. भाग मागे पडला म्हणून एवढं झालं नाही. माणूस बांधून ठेवण्याच्या हक्कालाच त्या पुढाऱ्यांनी आपल्या भागाचा हक्क म्हटलं, म्हणून झालं.

आता आपल्याकडे बघ. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याची जोडपी उचल घेऊन उसाच्या फडावर जातात. खाडा झाला की पैसे कापले जातात, हिशेबात बाकी निघते, आणि ती फेडायला पुढचा हंगाम. कुणी पळालं तर गाडी पाठवून धरून आणतात. याला अमेरिकेतली गुलामी म्हणता येणार नाही, पण वाट तिकडचीच आहे. उचल बुडवणारेही असतात आणि मुकादम कर्जात जातो, हे मला ठाऊक आहे. तो पैसा कोर्टात माग. कर्जापोटी माणूस बांधून राबवणं 1976च्या कायद्याने गुन्हा आहे.

रक्ताचं म्हणशील तर, निजामी अमलात आपल्या लोकांनी वेठ सोसली, निजामाची पाठराखण करणाऱ्या रझाकारांचे अत्याचार सोसले. सप्टेंबर 1948च्या पोलिस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेडकडे सूड उगवला गेला, तेव्हा ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी मुसलमान माणसंही मारली गेली. सुंदरलाल समितीने ते नोंदवलं आहे. रक्त सांडायची भाषा तोंडातून काढून टाक.

टोळी नेणारच असशील तर उचल कागदावर लिही आणि वाचून दाखव. बाईच्या कामाचे पैसे बाईच्याच हातात दे. मुलं फडावर न नेता गावच्या हंगामी वसतिगृहात राहतील, हे बघ. बाकी राहिली म्हणून कुणाला अडकवून ठेवू नकोस. एवढं पाळणार असशील तर अनुशेषाच्या मोर्चात मी तुझ्यासोबत चालेन. जमणार नसेल तर यंदाची मुकादमकी घेऊ नकोस.

तुझा,
मामा