ताकेस्तानात मोजायचं काय?

२०२५ साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रात रान पेटलं, तेव्हा एक युक्तिवाद पुन्हापुन्हा कानावर आला. २०११च्या जनगणनेत मराठी भाषक आठ कोटी तीस लाख. एवढी डोकी असताना भीती कसली? याच युक्तिवादाची उलटी बाजू मला जास्त झोंबते. ज्यांची डोकी थोडी, त्यांची भाषा जायचीच, त्याचा दोष कुणाला द्यायचा नाही. शिकलीसवरलेली माणसं हे बोलतात तेव्हा गप्प बसवत नाही. मी त्यांच्यापुढे इराणातलं ताकेस्तान ठेवतो.

कझवीन शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवरचं हे द्राक्षमळ्यांचं, मनुक्यांचं गाव. जुनं नाव सियादेहान. २०१६च्या खानेसुमारीत वस्ती सुमारे ऐंशी हजार. इथली बोली ताती. ती फारसीची बिघडलेली आवृत्ती नव्हे. वायव्य इराणी कुळातली, तालिशीची सख्खी नातेवाईक. आजूबाजूला अझरबैजानी तुर्की बोलणारी गावं. इराणी इतिहासकार अहमद कसरवींनी १९२०च्या दशकात मांडलं की तुर्की पसरण्यापूर्वी सगळ्या अझरबैजानात एक इराणी भाषा नांदत होती. ताती बोली तिच्याच उरलेल्या खुणा मानल्या जातात.

आता संख्यावाद्यांनी एवढंच सांगावं. तब्रीझ हे राजधानी मिरवलेलं, व्यापाराने गजबजलेलं शहर. तिथली जुनी बोली गेली. सियादेहान हे त्यामानाने चिमुकलं, तेही तब्रीझ आणि हमदानच्या वाटा फुटतात त्या नाक्यावरचं, म्हणजे आडरानातलंही नव्हे; तिथली टिकली. डोक्यांच्या हिशेबाने याचं उत्तर निघत नाही.

ताती गावांचा विचार करताना मला जलाल आल-ए-अहमद टाळता येत नाही. १९५८ साली त्याने बुईन झहरा भागातल्या सगझाबाद आणि इब्राहिमाबाद या दोन ताती गावांवर पुस्तक लिहिलं. तेहरानचा हा शिक्षक आणि कथाकार खेड्यात शिरला, आणि शेती, चालीरीती, बोली असं सारं नोंदवत गेला. चारच वर्षांनी, १ सप्टेंबर १९६२ला, त्याच भागात भूकंप झाला. बारा हजारांहून जास्त माणसं गेली. मातीच्या भिंती कोसळलेल्या त्या मुलखाचं आधीचं रूप कागदावर राहिलं, याचं श्रेय आल-ए-अहमदचं, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

पण त्याच १९६२ साली त्याचं ‘गर्बजदेगी’ हे पुस्तक आलं. इराणच्या दुखण्याचं मूळ पश्चिमेच्या बाधेत आहे, हे त्याचं निदान. आपल्याकडेही असं निदान करणाऱ्यांची वाण नाही. ताती गावांच्या बाबतीत ते लागू पडत नाही. तातीवर घाव घालणारं यंत्र पश्चिमेचं नव्हतं. रेझा शाहच्या काळापासून एकाच राज्याची एकच भाषा ठरली आणि ती सरकारी शाळेतून गावोगाव पोचली. शतकानुशतकं शेजारी राहून तुर्कीला जे ताकेस्तानात साधलं नाही, ते फारसी शाळेने काही पिढ्यांत साधत आणलं. तुर्कीशी बाजारात गाठ पडत होती; फारसी आईबापांच्या मनात शिरली. पोराला वर्गात अडू नये म्हणून घरातच त्याच्याशी फारसी बोलायची, हा निर्णय घेणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. पण त्याला ‘लोकांची निवड’ म्हणून हात झटकणाऱ्यांना नक्की देईन.

जातंय काय, तेही पाहा. भाषाअभ्यासक एहसान यारशातेर यांनी १९६९ साली दक्षिण ताती बोलींचं, म्हणजे ताकेस्तानची ताती ज्यांत येते त्यांचं, व्याकरण प्रसिद्ध केलं. फारसीने केव्हाच टाकून दिलेलं लिंग या बोलींत शाबूत आहे. भूतकाळी सकर्मक वाक्यांची रचनाही फारसीहून निराळी आहे, आणि काही बोलींत तर क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालतं. ‘तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली’ असं बोलणाऱ्या आपल्याला ही चाल अनोळखी वाटू नये. फारसीत वाढणारं मूल ती कुठून शिकणार?

इथवर आल्यावर मात्र संख्येला पार हद्दपार करणं मला पटत नाही. लहान खेड्यातली तरुण पोरं तेहरानला कामाला गेली की मागे भाषेला उंबऱ्याबाहेर जागा उरत नाही. ताकेस्तानला स्वतःचा बाजार आहे, दुकानं आहेत, लग्नाचे मांडव आहेत. एवढ्या वस्तीत भाषा घराबाहेर पडू शकते, आणि हा आधार खरा आहे. तेव्हा मोजायला माझी हरकत नाही. चुकीचं मोजायला आहे. इराणच्या खानेसुमारीत मातृभाषेची मोजदाद होत नाही. आपल्याकडे ती होते, पण दहा हजारांखालच्या भाषा ‘इतर’मध्ये ढकलल्या जातात.

इराणच्या राज्यघटनेचं पंधरावं कलम प्रादेशिक भाषांचं साहित्य फारसीच्या जोडीने शाळेत शिकवायला मुभा देतं. ती मुभा ताकेस्तानच्या पहिलीच्या वर्गात उतरवा. मग ऐंशी हजारांचा आकडा बाजूला ठेवून त्या वर्गातली किती मुलं घरी तातीत बोलतात, ते दरवर्षी मोजा. संख्यावाद्यांशी मी त्या आकड्यावर वाद घालायला तयार आहे.