फाऊल झाला होता

फाऊल झाला होता. तुम्हा आठही जणांना तो दिसला होता, आणि आठही जणांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. ज्यांना मी या शाळेच्या मैदानावर पहिला चेस्ट पास शिकवला, तीच मुलं आज तिशी ओलांडून, कमावती होऊन, त्याच मैदानावर मित्राला पाडून वर तोंड करून उभी राहतात, हे मी खपवून घेणार नाही. म्हणून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाचा. मध्येच ‘सर, तसं नव्हतं’ म्हणू नका. मी कठड्याशी उभा होतो आणि माझी नजर अजून शाबूत आहे.

रविवारी काय झालं ते आधी सरळ मांडतो, कारण चार दिवसांत त्याच्या वेगवेगळ्या कथा माझ्या कानावर आल्या आहेत. गुण 19-19. डाव 21 चा. जो पडला त्याला बाहेरच्या लाइनीमागे बॉल मिळाला, समोर कोणी नव्हतं, तो शॉटसाठी उडाला. बॉल हातातून सुटला होता. तू उशिरा पोचलास. उशिरा पोचलेल्या बचावपटूने हात वर करून जागच्या जागी थांबायचं असतं, हे तुला आठवीत असताना मी शिकवलं आहे. तू थांबला नाहीस. तुझा डावा बूट त्याच्या पायाखाली सरकला आणि तो जमिनीवर न उतरता तुझ्या बुटावर उतरला. पाऊल आत वळलं, सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या अंगावर आला, आणि तो कोसळला.

इथपर्यंत झालं ते एक वेळ चुकीने झालं असं म्हणू. पुढचं चुकीने झालेलं नाही. बॉल रिंगला लागून बाहेर आला, तुम्ही रिबाउंड घेतलात, नियमाप्रमाणे बॉल लाइनीबाहेर नेलात, दोन्ही पाय बाहेर टेकवलेत, एक पास दिलात, आणि बाहेरून निवांत शॉट मारून दोन गुण घेतलेत. तेवढा वेळ तुमचा वर्गमित्र घोटा दोन्ही हातांनी धरून काँक्रीटवर पडला होता. त्याच्या बाजूने खेळणारे दोघे त्याच्याकडे बघायला वळले होते, म्हणून तर शॉट इतका मोकळा मिळाला. बॉल जाळीतून खाली आला आणि तुम्ही टाळ्या दिल्यात. तुमच्यातल्या एकाने ‘खेळ चालू, खेळ चालू’ असं ओरडून सांगितलेलं मी ऐकलं. ते कोण ओरडलं ते मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे.

आता तुमची उत्तरं. ‘त्याने फाऊल मागितला नाही.’ अरे, ज्याचा घोटा नुकताच मुरगळला आहे, ज्याला श्वास घेता येत नाही, त्याने आधी हात वर करून फाऊल मागावा आणि मग कळवळावं, अशी अपेक्षा करायला लाज वाटली नाही? फाऊल ज्याच्यावर झाला त्याने सांगायचा असतो, हा तुमचा आपसातला ठराव. चांगला ठराव आहे. पण तो सोयीसाठी आहे, आडोसा घेण्यासाठी नाही. ज्याच्या हातून फाऊल झाला त्याला तोंड उघडायला त्या ठरावाने कुठे बंदी केली आहे?

‘मुद्दाम केलं नव्हतं.’ मी कुठे म्हटलं मुद्दाम केलंस? पण नियम तुझ्या मनात काय होतं हे विचारत बसत नाही. जो खेळाडू हवेत उडाला त्याला जिथून उडाला तिथे परत उतरण्याचा हक्क आहे, आणि तो हवेत असताना त्याच्या उतरण्याच्या वाटेत कोणी शिरायचं नाही. या खेळातला हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे असं मी मानतो, कारण हवेतला माणूस स्वतःला वाचवू शकत नाही. त्याला थांबता येत नाही, वळता येत नाही. खाली जमीन आहे या भरवशावरच तो उडालेला असतो. तो भरवसा मोडणं आणि हातावर चापट बसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हातावरची चापट विसरा, भांडू नका, पुढे खेळा. पायाखाली पाय गेला की खेळ जागच्या जागी थांबलाच पाहिजे, कोणी मागो वा न मागो.

‘सर, आम्ही आपले मित्र-मित्र खेळतो, टाइमपास आहे.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. ज्या खेळाला तुम्ही टाइमपास म्हणता, तो अर्ध्या कोर्टावरचा तीन विरुद्ध तीनचा खेळ रस्त्यांवर, वस्त्यांच्या मैदानांवर वाढला, आणि 2021 साली टोकियोत ऑलिम्पिकमध्ये खेळला गेला. तुम्ही खेळता तसाच, एका रिंगवर, 21 गुणांचा. आपल्या मुंबईत नागपाड्याला गल्लीतली पोरं बास्केटबॉल खेळत मोठी झाली, आणि तिथूनच अब्बास मुंतसिर भारताच्या कर्णधारपदापर्यंत आणि 1970 च्या अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचले. मित्रांमधला खेळ हलका नसतो. हलकी असते ती खेळणाऱ्याची वृत्ती. आणि टाइमपासच असेल, तर दोन गुणांसाठी पडलेल्या माणसाकडे पाठ फिरवण्याची गरज काय होती? टाइमपासमध्ये जिंकायची इतकी घाई कशाला?

हा खेळ कुठून आला हे मी तुम्हाला वर्गात सांगितलं होतं. पुन्हा सांगतो, कारण तुमच्या लक्षात फक्त पीचच्या टोपल्या राहिल्या आहेत. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे 18 जणांचा वर्ग होता. दांडगट, कुणाला न जुमानणारा. बाहेर बर्फ, आत व्यायामशाळेची कडक जमीन. मैदानी खेळ आत खेळवले की हातपाय मोडायची पाळी यायची. त्यांनी टोपल्या वरच्या सज्ज्याला 10 फुटांवर टांगल्या त्या एवढ्याचसाठी, की ताकदीने बॉल फेकून उपयोग होऊ नये, तो हलक्या हाताने, कमान देऊनच टाकावा लागावा. तरीही सुरुवातीला मुलं एकमेकांवर तुटून पडली, कोणाचा डोळा काळानिळा झाला, एकाचा खांदा निखळला, असं खुद्द नेस्मिथनी म्हातारपणी, 1939 साली, रेडिओवर सांगितलं. बॉल हातात घेऊन धावायचं नाही, हा नियम त्यातूनच पक्का झाला. धावणं नाही म्हणजे अडवायला अंगावर जाणंही नाही. त्यांच्या 13 नियमांपैकी पाचवा पुन्हा वाचा. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं बंद. दुसऱ्यांदा केलं तर पुढची बास्केट होईपर्यंत बाहेर. इजा करण्याचा हेतू दिसला तर पूर्ण खेळभर बाहेर, आणि त्याच्या जागी बदली खेळाडूही नाही. माणसाला इजा होऊ नये याची काळजी या खेळाच्या जन्मापासून त्याच्या रचनेतच आहे. आज तुमच्या रविवारच्या खेळात तेवढीच एक गोष्ट उरलेली नाही.

तुमच्याकडे पंच नाही. शिट्टी नाही, टेबलावर गुण लिहिणारा कोणी नाही. याचा अर्थ कोणीच पंच नाही असा तुम्ही लावला. खरा अर्थ असा की जो तो आपापला पंच आहे, आणि पंचाचं काम खेळाडूच्या कामाआधी येतं. मोठ्या सामन्यात पंचाची नजर चुकली तर खेळाडूला निदान म्हणता येतं की निर्णय माझा नव्हता. तुम्हाला तीही सोय नाही. बॉल शेवटी कोणाच्या बोटाला लागून बाहेर गेला, लाइनीवर पाय होता की नाही, ड्रिबल सोडल्यावर किती पावलं टाकली, हे ज्याचं त्याला पक्कं ठाऊक असतं. जिभेवर खरं आहे की नाही एवढाच प्रश्न.

क्रिकेटचं उदाहरण देतो, ते तुम्हाला लवकर कळेल. 1980 च्या फेब्रुवारीत वानखेडेवर भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. इंग्लंडचे 58 धावांत 5 गडी गेले होते. बोथमच्या जोडीला आलेल्या बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता. बॅट लागलेली नाही असं त्याला वाटलं, आणि त्याने टेलरला परत बोलावलं. बोथम आणि टेलरने 171 धावांची भागी केली आणि इंग्लंडने तो सामना 10 गडी राखून जिंकला. तिथे पंच होते, निर्णय आपल्या बाजूने लागलेला होता, मैदान भरलेलं होतं, देशाची कसोटी होती. तुमच्याकडे यातलं काय होतं? रविवारची सकाळ आणि सरबताची पैज. तेवढ्यासाठी तुम्हाला खरं बोलवेना.

आता इतरांकडे वळतो, कारण दोष एकट्या पाय घालणाऱ्याचा नाही. जो पडला, त्यालाही मला बोलायचं आहे. तुझा पाय बरा होऊ दे, पण हे ऐक. तू कधीच फाऊल सांगत नाहीस. गेल्या वर्षभरात कितीदा तरी तुला ढकललेलं मी पाहिलं आणि तू मूग गिळून गप्प बसलास, कारण कोणी ‘रडका’ म्हणेल याची तुला भीती वाटते. खरा फाऊल सांगणं म्हणजे रडीचा डाव नव्हे. तू गप्प बसतोस म्हणून समोरच्याला सवय लागते, आणि ती सवय एक दिवस तुझ्याऐवजी दुसऱ्याचा गुडघा घेऊन जाते.

आणि तुमच्यातला एक असा आहे की शॉट चुकला की त्याचा हात आपोआप वर जातो. बॉल रिंगला लागेपर्यंत गप्प, बास्केट झाली तर आनंद, नाही झाली तर ‘हातावर मारलं’. खोट्या फाऊलची ही वाळवी तू लावलीस म्हणून आज खऱ्या फाऊलवर कोणाचा विश्वास बसेना. रविवारी जे झालं त्यातला तुझा वाटा तू मोजून घे.

पडलेल्या पायाचं तुम्ही काय केलंत, तेही सांगतो. एकाने पाय ओढून ‘नस बसवायचा’ प्रयत्न केला. दुसऱ्याने मलम काढून जोरात चोळलं. तिसऱ्याने त्याला खांद्याला धरून चालवलं, ‘चालशील तर मोकळा होईल’ म्हणून. तिन्ही चूक. मुरगळलेला घोटा ओढायचा नाही, चोळायचा नाही. बूट हलक्या हाताने काढा, बर्फ फडक्यात गुंडाळून शेका, क्रेप बँडेज बांधा, पाय वर उचलून ठेवा, आणि त्यावर भार देऊ नका. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढल्याशिवाय घरी न्यायचं नाही. हे तुम्हाला मी शाळेत शिकवलं होतं. पेपरात प्रश्न आला होता, तेव्हा सगळ्यांना गुणही मिळाले होते.

तुमच्या खेळाचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. रविवारी पायऱ्यांवर आठवी-नववीची पोरं बसली होती. तुम्ही त्यांचे दादा. तुमचा क्रॉसओव्हर ती आरशासमोर करून बघतात. सोमवारी माझ्या तासाला एका मुलाने शॉट मारणाऱ्याच्या पायाखाली पाय घातला आणि वर तेच दोन शब्द ओरडला, ‘खेळ चालू!’ मी शिट्टी वाजवली आणि तास थांबवला. त्याला विचारलं, हे कुठे शिकलास? त्याने खाली मान घातली आणि तुमचं नाव घेतलं. तेरा वर्षांचं पोर आहे ते. त्याला मी काय शिक्षा करू? त्याने तर मोठ्यांचं बघून केलं.

म्हणून आता मी काय सांगतो ते नीट ऐका. मैदानाची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारचा डाव 19-19 वर थांबलेला आहे, 21 झालेले नाहीत. जिंकल्याचं कोणी कुठे सांगितलं असेल तर त्याने ते मागे घ्यायचं. सरबताचे पैसे परत करायचे. पुढचे दोन रविवार मैदान बंद. तिसऱ्या रविवारी यायचं ते एकट्याने नाही. त्या सोमवारच्या मुलासमोर उभं राहून, ज्याचा पाय होता त्याने सांगायचं की फाऊल माझा होता आणि मी गप्प बसलो ते चूक होतं. मग किल्ली मिळेल.

आणि त्याच्या आधी, तिसऱ्या रविवारची वाट न बघता, आज संध्याकाळी जो पडला त्याच्या घरी जा. आठजण होतात, पडलेला एक सोडला तर सात उरता. चार दिवसांत त्या सातांपैकी एकानेही त्याची विचारपूस केलेली नाही, असं त्याच्या आईने मला सांगितलं. माउलीसमोर आधी माफी मागा, मग त्याच्याकडे वळा.